गडी तसा डाव

कुस्ती आणि बॉक्सिंग यांचं आपल्या पानांवर काय काम, असं तुमच्यापैकी पुष्कळजणींना वाटेल. लोणच्याच्या मोसमात हे कुठून काढलं? पण मैत्रिणींनो, आमच्या कामतघरात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढणाऱ्या मुली आता हे प्रश्न विचारू लागल्या आहेत. मी दुपारी शिकवायला जाते त्या वर्गातल्या आठवीच्या एकीला बॉक्सिंग शिकायचं आहे. घरी आजीचा सक्त विरोध. ती मला म्हणाली, “बाई, समोरची माझ्याहून उंच निघाली तर काय करायचं?”

मला प्रश्न आवडला. मार लागेल का, हे तिनं विचारलंच नाही.

त्याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घरच्या तालमीत वाढले. तांबड्या मातीत, जिच्यात तेल, ताक, लिंबू, हळद घालून ती मऊ करतात (आपण पुरणाची कणीक मळतो तितक्याच निगुतीनं, म्हणा ना!). मातीत पाय रुततो, अंगाला पकड मिळते. गड्याची पाठ लावली की कुस्ती संपली. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांच्यापुढे होती गादी. तिथं गुण मोजतात, वेळ ठरलेली असते, पायाखालची पकड वेगळी. नियमही परके. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लानं त्यांना तिथं धडे दिले आणि खाशाबा ५२ किलोच्या गटात सहावे आले. पहिल्याच खेपेला हे काही थोडं नव्हे.

पुढची चार वर्षं त्यांनी मेहनत वाढवली आणि १९५२ साली हेलसिंकीला वरच्या, ५७ किलोच्या गटात उतरले. जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या घरातल्या बाईंना काय वाटलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं मी वाचलं नाही. मला मात्र तेच आधी आठवतं.

हेलसिंकीत गडी सगळे अनोळखी. आज कॅनडाचा, उद्या मेक्सिकोचा, मग जर्मनीचा. आजच्यासारखं आधी चित्रफीत बघून ठेवायची सोय कुठली? हात भिडल्यावर पहिल्या काही क्षणांतच ओळखायचं: हा ढकलतो की ओढतो, पायाला झोंबतो की मानेला? खाशाबांचा हातखंडा डाव ‘ढाक’, म्हणजे मान काखेत पकडून गड्याला पाठीवर टाकणं. पण मान देणारा गडी असेल तरच ढाक बसणार. न देणाऱ्यासाठी दुसरं काही हाताशी हवंच. या तिघांनाही त्यांनी हरवलं. हरले ते दोघांपुढे. एक सोव्हिएत रशियाचा मम्मदबेयोव आणि दुसरा जपानचा इशी. हा इशी मूळचा ज्यूदोचा, तिथून कुस्तीत आलेला. म्हणजे आपला खेळ बदलून आलेला तोही. दोन लढतींमध्ये मिळायचा विसावा खाशाबांना मिळाला नाही आणि त्यांच्या बाजूनं बोलायला आपला कुणी अधिकारी तिथं नव्हता, असं सांगतात. तरीही कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्त्या भरवल्या, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचं घर सोडवलं.

आता उंचीचं. मणिपूरची मेरी कोम सहा वेळा जगज्जेती झाली ती ४५ ते ४८ किलोच्या गटांत. २०१२ साली लंडनला बायकांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये प्रथमच आलं, पण वजनाचे गट तीनच आणि सर्वांत हलका ५१ किलोचा! म्हणजे समोर उंच, लांब हातांच्या मुली येणार. मग हिनं सराव केला तो उंच मुलांबरोबर. लांब हाताच्या टप्प्यात उभं राहिलं की मार बसतो. एक तर टप्प्याबाहेर राहायचं, नाही तर झटकन आत शिरून दोन ठोसे देऊन निघायचं. पहिली लढत ५ ऑगस्टला, त्याच दिवशी तिच्या जुळ्यांचा पाचवा वाढदिवस. पोलंडच्या मुलीला १९-१४ असं हरवून ती पुढे गेली, उपांत्य फेरीत इंग्लंडच्या निकोला ॲडम्सपुढे ६-११ अशी हरली आणि कांस्यपदक घेऊन आली.

आजीबाईंना मी हे सांगितलं. “मेरी कोमला नवरा सांभाळायला होता,” त्या म्हणाल्या. त्यातही खोटं काही नाही.

तुमच्या घरी असा हट्ट निघाला, तर शिकवणाऱ्याला दोन गोष्टी जरूर विचारा. मुलीला सरावाला कुणासमोर उभं करता? सुरुवातीला तिच्याच वजनाची जोडीदारीण हवी, आणि डोक्याला संरक्षक टोप, दातांत रक्षक असल्याशिवाय ठोसाठोशी नको. दुसरी गोष्ट वजनाची. वजनगटात बसवायला वाढत्या वयाच्या मुलीला उपाशी ठेवायला, पाणी तोडायला कुणी सांगत असेल तर तिथून तिला सरळ घरी आणा. तिला भाकरी, उसळ, दूध, अंडं चालत असेल तर अंडं, पोटभर द्या. पाळी लांबू लागली, तर सराव थांबवून आधी डॉक्टरांकडे न्या.

माझी विद्यार्थिनी सध्या रोज सकाळी वऱ्हाळा तलावाच्या बाजूनं पळून येते. आजींनी तेवढ्याला हरकत घेतलेली नाही.