इंग्लंडमधील पूर्वजांचा शोध : आधी गाव, मग नाव

इंग्लंडच्या खेड्यातील शेतमजुराचे नाव इतिहासग्रंथांत येत नाही. ते येते धर्मग्रामाच्या नोंदवहीत. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३८ साली, प्रत्येक धर्मग्रामाने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवावी, असा हुकूम थॉमस क्रॉमवेलने काढला. १५९८ पासून या नोंदींची वार्षिक प्रत बिशपांकडे जाऊ लागली. मूळ वही नष्ट झाली असल्यास ही प्रत कधी कधी उपयोगी पडते.

मात्र वही उघडण्यापूर्वी गाव निश्चित व्हावे लागते आणि शोध बहुधा येथेच अडतो. १८५१ च्या जनगणनेत प्रत्येकाचे जन्मगाव नोंदले गेले. कुटुंब लंडनला गेलेले, सांगणारा निरक्षर आणि लिहिणाऱ्याने ते गाव कधी ऐकलेले नाही. मग कानावर पडले तसेच तो लिही. नॉरफकमधील 'वायमॉन्डहॅम' स्थानिकांच्या तोंडी 'विंडम' आहे, 'हॅपिसबर्ग' हे 'हेझबरा', तर 'कॉस्टेसी' नुसते 'कॉसी'. नकाशात 'विंडम' शोधणारा रिकाम्या हाताने परततो. त्यातच दुसरे वायमॉन्डहॅम लिस्टरशायरात आहे! वसईचे 'बासाईं' आणि 'बसीन' ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना याचे नवल वाटू नये. नाव मोठ्याने उच्चारून पाहावे व त्या परगण्यातील मिळत्याजुळत्या नावांची सर्व गावे तपासावीत, असे आम्ही सुचवू.

कॉस्टेसी हे जर्निंगहॅम या कॅथलिक जमीनदार घराण्याचे गाव. अशा कॅथलिक कुटुंबांचा माग काढताना शोधकाला एक धक्का बसतो : पणजोबांच्या पणजोबांचा विवाह अँग्लिकन चर्चच्या वहीत सापडतो. त्यांनी श्रद्धा सोडली होती काय? तसा निष्कर्ष घाईने काढू नये. १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर व यहुदी वगळता इतर सर्वांचा विवाह अँग्लिकन चर्चमध्ये झाला तरच कायदेशीर ठरे. त्यामुळे अनेक कॅथलिक जोडपी आपल्या धर्मगुरूंसमोर एकदा आणि कायद्यासाठी पुन्हा एकदा विवाहबद्ध होत. कॅथलिक नोंद लॅटिनमध्ये असल्यास तेथे जेम्सचा 'याकोबुस' व विल्यमचा 'गुलिएल्मुस' झालेला असतो.

तारखांचेही तसेच. १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. विवाह एप्रिल १७४० चा आणि बाळाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७४० चा दिसला, तर त्या मातेविषयी शंका घेऊ नये. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७४१ चा आहे.