‘इंडेक्स ऑफ’ची यादी आणि फुकटचा सिनेमा

गूगलवर सिनेमाच्या नावाबरोबर ‘इंडेक्स ऑफ’ टाकलं की कधी कधी एक साधं पांढरं पान उघडतं. फाइलचं नाव, बदलाची तारीख, आकार, बस्स. जाहिराती नाहीत, उसळणाऱ्या खिडक्या नाहीत. म्हणून टोरंटच्या वाटेला न जाणारी मंडळीही इथे निर्धास्त असतात.

‘उघड्यावर आहे, म्हणजे घ्यायला हरकत नाही’ हा त्यांचा पहिला समज. फोल्डरमध्ये मुख्य पानाची फाइल नसेल आणि यादी दाखवण्याची सोय चालू असेल, तर सर्व्हर आपणहून सगळं मांडून ठेवतो. पुष्कळदा हा निव्वळ निष्काळजीपणा असतो. कुंपण पडलं म्हणून बागेतले आंबे आपले होत नाहीत. दुसऱ्याच्या संगणकावरून परवानगीविना डेटा उतरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 मध्ये येतं.

‘विकत थोडाच होतो, घरी पाहिला!’ कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63 नुसार जाणूनबुजून हक्कभंग केल्यास 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. कमाईचा हेतू नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, इतकीच सवलत. घरी बसून पाहणाऱ्यांवर खटले क्वचितच होतात, हे खरं. म्हणून ते कायदेशीर ठरत नाही.

खरा फटका बसतो तो ‘व्हिडिओत कुठला आलाय व्हायरस’ या समजाने. विंडोज ओळखीच्या फाइलींच्या नावाचं शेपूट मुळातच लपवतं. त्यामुळे ‘सिनेमा.एमपी4.ईएक्सई’ ही फाइल ‘सिनेमा.एमपी4’ म्हणून मिरवते, आणि डबल क्लिक केलं की सिनेमाऐवजी प्रोग्राम चालू होतो. आकार बघा: दोन तासांचा सिनेमा 4 एमबीत मावत नाही. पासवर्ड लावलेली झिप तर उघडूच नका. अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणूनही तो पासवर्ड असतो. सबटायटलची फाइलही निरुपद्रवी समजू नका. तिच्यातून व्हीएलसी, कोडीसारख्या प्लेअरांवर ताबा मिळवता येतो, हे चेक पॉइंट या कंपनीने 2017 मध्ये दाखवून दिलं. त्या त्रुटी पुढे बुजवल्या गेल्या, पण प्लेअर अपडेट कोण करतं?

व्हीपीएन तुमचा आयपी पत्ता झाकतो, फाइल तपासत नाही. काही ब्राउझरांच्या पत्त्याच्या पट्टीत दिसणारं कुलूपही तसंच: वाट सुरक्षित, माल कसाही.

‘जुने सिनेमे तरी मोफतच ना?’ अर्धवट खरं. भारतात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. 1953 च्या ‘श्यामची आई’ची ती मुदत 2013 अखेर संपली. मात्र लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. या सिनेमाचे पटकथाकार आचार्य अत्रे गेले 1969 मध्ये, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क 2029 अखेरपर्यंत आहे.

आणि इतकी उठाठेव करायची कशाला? निर्मात्यांच्या आणि वितरकांच्या अधिकृत यूट्यूब वाहिन्यांवर कितीतरी मराठी सिनेमे पूर्ण आणि फुकट आहेत. प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ हे ओटीटीही आहे; ते नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं. प्रवासात पाहायचं असेल तर बहुतेक ओटीटी अ‍ॅपमध्ये डाउनलोडची सोय असतेच. नवा सिनेमा हवा असेल, तर यूट्यूबवर तो भाड्याने मिळतो का, ते आधी पाहा.