किलाट, तक्रपिण्ड आणि आजचे पनीर

ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील चिकित्सालयांत 'पनीर चालेल का?' हा प्रश्न आता 'दही चालेल का?' याइतकाच वारंवार विचारला जातो. ग्रंथांत पनीर नाही, असे सांगून हा प्रश्न टाळता येत नाही. नाव नसले तरी द्रव्य तेथे आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २७ व्या अध्यायात, गोरसवर्गात, पीयूष, मोरट, किलाट व तक्रपिण्डक यांचा निर्देश आढळतो. भावप्रकाशात त्यांच्या व्याख्या स्पष्ट होतात. तापवून फाटलेल्या दुधाचा पिंड तो किलाट. दही अथवा ताक घालून फाडलेले दूध वस्त्रात बांधून द्रवरहित केले की तक्रपिण्ड. नुकत्याच व्यालेल्या गाईचे घट्ट दूध ते पीयूष, म्हणजे खरवसाचा चीक. फाटल्या दुधाचे पाणी ते मोरट, हे जेज्जटाचे मत तेथे नोंदविले आहे.

आचार्य चरकांनी किलाटादी द्रव्ये गुरू, तर्पण, बृंहण, वृष्य व वातहर सांगून ती दीप्ताग्नी व अनिद्रेच्या व्यक्तींस सुखकर मानली. तक्रपिण्डक मात्र गुरू असूनही विशद, रूक्ष व ग्राही सांगितले. म्हणजे फाडण्याचे द्रव्य बदलले की गुणही बदलतो. लिंबाने वा सायट्रिक आम्लाने तापल्या दुधापासून केलेले पनीर किलाटाच्या, तर श्रीखंडाचा चक्का तक्रपिण्डाच्या जवळचा, असे आम्हांस वाटते. मलावष्टंभाच्या रुग्णास 'दुग्धजन्य' या एकाच शब्दाखाली दोन्ही देणे म्हणूनच योग्य नव्हे. मंदाग्नीत तर दोन्हींबाबत सावधगिरी हवी.

हा विचार केवळ आपल्याकडचा नाही. भूतानमध्ये लोणी काढल्यावर उरलेल्या ताकास ऊब देऊन 'दात्शी' हे चीज करतात. मिरच्यांसह शिजविलेली 'एमा दात्शी' तेथील नित्याची भाजी आहे. हिमालयातील 'छुर्पी'ही याच कुळातील. थंड प्रदेशातील कष्टकऱ्यांचा अग्नी व आपल्याकडील दमट हवेत बैठे काम करणाऱ्यांचा अग्नी यांत भेद आहे, हे मात्र विसरू नये.

महिनोन्‌महिने मुरविलेल्या चीजमध्ये मिठाचा भाग मोठा असतो. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात अतिलवणसेवनाचे दोष सांगताना, दुधाबरोबरही मीठ खाणाऱ्या बाह्लीक, सौराष्ट्र, सैंधव व सौवीर देशीयांचा उल्लेख आहे. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांस हा संदर्भ समजावून सांगावा.

औषधविक्रेत्यांस दोन सूचना. एक, 'व्हे प्रोटीन'च्या डब्यातील चूर्ण हे मुख्यतः मोरटाचेच संस्कारित रूप होय. वृक्कविकारात ते सल्ल्याशिवाय देऊ नये. दुसरी, लिनेझोलिड घेणाऱ्या रुग्णाने मुरलेले चीज टाळावे. त्यातील टायरामीनमुळे रक्तदाब एकाएकी वाढू शकतो.

शेवटी वेष्टन वाचण्याची सवय रुग्णास लावावी. वनस्पतिजन्य चरबी घालून केलेले पदार्थ 'ॲनालॉग' या नावाने बाजारात येतात. नियमानुसार ते पनीर नव्हेत आणि किलाटाचे गुण त्यांवर लावता येत नाहीत. कोणते द्रव्य, कशाने फाडलेले आणि कोणाच्या अग्नीसाठी, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय 'चालेल' म्हणू नये.