डाग गेला, पण चकाकी कुठे गेली?

बेसिनवर नळाखाली साचलेला पांढरट थर तुम्ही पाहिला असेलच. आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पुष्कळ घरी बोअरचे पाणी वापरतात आणि ते बहुधा दुष्फेन असते. पाणी सुकते, क्षार मागे राहतात. आमच्या संगमरवरी दिसणाऱ्या बेसिनवर असाच थर जमला होता. पाहुणे येणार म्हणून मी तारेची घासणी आणि राख घेऊन तो खरवडून काढला. बेसिन ओले होते तोवर आरशासारखे दिसत होते. सुकल्यावर पाहतो तो काय! घासलेल्या जागी धुरकट पट्टा. पाणी टाकले की चकाकी परत, सुकले की पुन्हा धुरकट. वर्षानुवर्षे परावर्तन शिकवणाऱ्या माणसाची ही फजिती!

असे का बरे झाले? गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाशकिरण नियमाने एकाच दिशेला परावर्तित होतात. हीच चकाकी. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते. ओरखडे याहून मोठे झाले की किरण सर्व दिशांना विखुरतात. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३ आणि बेसिनच्या वरच्या थराचा सुमारे १.५५. खाचांत पाणी भरले की अपवर्तनांकांतला फरक घटतो आणि विखुरणेही कमी होते. म्हणजे तो पट्टा मळ नव्हताच. मग धुऊन तो जाणार कसा?

हे बेसिन होते कल्चर्ड मार्बलचे, म्हणजेच कृत्रिम संगमरवराचे. संगमरवराची भुकटी पॉलिएस्टर रेझिनमध्ये कालवून साच्यात ओततात. वर जेलकोट नावाचा पातळ थर असतो, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. सारी चकाकी त्याचीच!

खरा संगमरवर वेगळा. शिर्डीच्या समाधी मंदिरात १९५४ साली बसवलेली, शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली साईबाबांची मूर्ती इटालियन संगमरवराची आहे. हा दगड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. गंमत अशी, की नळाखालचा पांढरा थरही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच! जे आम्ल थराला खाते, ते संगमरवरालाही खाते.

एक प्रयोग करून पाहा. गवंड्याकडून संगमरवर, कडप्पा, शहाबादी फरशी आणि आपला काळा बेसाल्ट यांचे टाकाऊ तुकडे मिळवा. प्रत्येकावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका आणि भिंगातून पाहा. पहिल्या तिन्हींवर बारीक बुडबुडे दिसतील. तो कार्बन डायऑक्साइड. थेंब पुसल्यावर खाली निस्तेज ठिपका राहील. स्वच्छ बेसाल्टवर असे काही होत नाही. घरच्या ओट्यावर मात्र हा प्रयोग नको! तेथे नुसता तळहात ठेवा. खरा दगड उष्णता भरभर ओढून घेतो, म्हणून गार लागतो. कृत्रिम संगमरवर तितका गार लागत नाही.

आता उपाय. कृत्रिम संगमरवर मऊ फडके आणि सौम्य साबणाने धुवा. क्षारांचा थर असेल तर व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून फडके भिजवा, काही मिनिटे ठेवा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. तारेची घासणी, राख, वाळू, नखांचा रंग काढायचे अ‍ॅसिटोन आणि तापलेले भांडे यांना मनाई. बारीक ओरखडे मोटारीच्या पॉलिशने बरेच झाकले जातात.

खऱ्या संगमरवराला व्हिनेगर किंवा लिंबू लावूच नका. तो सच्छिद्र असल्याने तेल आत मुरते. खाण्याचा सोडा पाण्यात घट्ट कालवून डागावर थापा, वर प्लास्टिक झाका आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप वाळू द्या. केशाकर्षणाने तेल लेपात ओढले जाते. जुन्या डागाला हे दोन-तीनदा करावे लागते.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नका. फरशी धुण्याचे अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

आमच्या बेसिनवरचा पट्टा अजून आहे. मी तो मुद्दाम ठेवला आहे. घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांना आधी कोरडा दाखवतो, मग त्यावर पाणी टाकतो आणि विचारतो, "सांगा पाहू, डाग कुठे गेला?"