जांभ्या जमिनीतील सेंद्रिय कर्ब : अहवालाचा आकडा आणि जमिनीचा कस

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, चोर्ला घाटातून गोव्याकडे जाणाऱ्या मार्गावर जांबोटी हे गाव वसलेले आहे. येथून पश्चिमेस गेले की मलप्रभेचे उगमस्थान कणकुंबी लागते. पाऊस मुबलक, जंगल दाट आणि जमीन तांबडी, जांभ्या दगडापासून झालेली. खाचरात भात, वरकस जमिनीत नाचणी आणि उतारावर काजू ही येथील पिके होत. अशा जंगलालगतच्या शेतातील मातीचा नमुना तपासला असता सेंद्रिय कर्बापुढे पुष्कळदा 'अधिक' असा शेरा येतो. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, निपाणीच्या काळ्या जमिनीत, हा आकडा बहुधा कमी भरतो. तरीही तेथे तंबाखू, ऊस व सोयाबीन ही पिके जोमाने येतात आणि कर्बाने संपन्न ठरलेली जांभी जमीन मात्र हलकी म्हणूनच ओळखली जाते.

हा विरोधाभास केवळ कुतूहलाचा विषय नाही. बहुतेक प्रयोगशाळांत सेंद्रिय कर्बाच्या आकड्यावरूनच जमिनीतील नत्राचा अंदाज बांधण्याची प्रथा आहे. शेरा 'अधिक' आला की नत्रखताची शिफारस सुमारे चतुर्थांशाने कमी केली जाते. जांभ्या जमिनीत या शेऱ्यावर विसंबून खत कमी केल्यास श्रावणात भात पिवळे पडण्याचा धोका असतो. म्हणून हा आकडा कसा निघतो व तो काय सांगत नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

सेंद्रिय कर्ब मोजण्याची आपल्याकडील सर्वमान्य पद्धत वॉकली व ब्लॅक या शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १९३४ साली मांडली. बारीक चाळलेल्या मातीत पोटॅशियम डायक्रोमेटचे नारिंगी द्रावण व तीव्र गंधकाम्ल मिसळतात. मिश्रण आपोआप तापते व त्या उष्णतेत मातीतील कर्बाचे ऑक्सिडीकरण होते. अर्ध्या तासानंतर पाणी घालून, शिल्लक राहिलेले डायक्रोमेट फेरस लवणाच्या द्रावणाने मोजतात. जांभळट निळा रंग पालटून एकाएकी हिरवा झाला की मोजणी संपली. जितके डायक्रोमेट खर्च झाले तितका कर्ब, असा हा हिशेब आहे. या क्रियेत सर्व कर्ब जळत नाही. सरासरीने ७७ टक्के जळतो असे धरून उत्तरास १.३ ने गुणतात. आलेल्या कर्बास पुन्हा १.७२४ ने गुणले की सेंद्रिय पदार्थ मिळतो. सामान्यतः ०.५० टक्क्यांखाली कर्ब कमी, ०.५० ते ०.७५ मध्यम व त्यापुढे अधिक समजला जातो.

आता ०.९ टक्के कर्ब असलेले एक खाचर घेऊ. हेक्टरी वरच्या १५ सेंटिमीटर थरातील मातीचे वजन रूढ हिशेबाने सुमारे २२ लाख ४० हजार किलो धरतात. म्हणजे त्यात २० टन कर्ब झाला. कर्ब व नत्र यांचे प्रमाण बारास एक धरल्यास जवळजवळ १,७०० किलो नत्र त्या थरात साठलेले आहे. आकडा डोळे दिपविणारा खरा, परंतु हे धन कुलुपात आहे. जिवाणूंनी सेंद्रिय पदार्थ कुजविल्याशिवाय त्यातील नत्र पिकास मिळत नाही, आणि वर्षाकाठी साधारणपणे एक ते तीन टक्केच नत्र मोकळे होते. हे १७ ते ५० किलो झाले.

जांबोटीसारख्या ठिकाणी यातील खालचा आकडा धरणे अधिक शहाणपणाचे. अतिपावसाने चुना व मॅग्नेशियम वाहून गेल्यामुळे जमीन आम्लधर्मी होते. आम्लतेत कुजविणारे जिवाणू मंदावतात. शिवाय जांभ्या मातीतील लोह व ॲल्युमिनियमची संयुगे ह्यूमसला घट्ट धरून ठेवतात व त्याचे कुजणे लांबते. जे नत्र मोकळे होते त्याचाही काही भाग पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणजे कर्ब अधिक दिसतो, याचे एक कारण तो लवकर कुजत नाही हेच आहे.

तरीही या जमिनीस सेंद्रिय पदार्थाची गरज काळ्या जमिनीपेक्षा कमी नसून अधिक आहे. अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची शक्ती चिकणमातीच्या प्रकारावर अवलंबून असते. काळ्या मातीतील शुद्ध चिकण खनिजाच्या शंभर ग्रॅमची ही शक्ती ८० ते १२० एकके असते, तर जांभ्या मातीतील केओलिनाइट या खनिजाची ३ ते १५ एककेच. चांगल्या ह्यूमसची मात्र १५० एककांहूनही अधिक भरते. निपाणीच्या मातीत कर्ब कमी असला तरी चिकणमाती अन्न सांभाळते. जांबोटीच्या मातीत ते काम जवळजवळ एकट्या ह्यूमसलाच करावे लागते.

स्फुरदाची अडचण याहून मोठी आहे. टाकलेले स्फुरद लोह व ॲल्युमिनियमशी संयोग पावून अडकून बसते. भाताचे मात्र एक सुदैव आहे. खाचरात पाणी साचून राहिले की मातीतील प्राणवायू संपतो, लोहाचे रूप पालटते, काही आठवड्यांत सामू उदासीनतेकडे सरकतो व अडकलेल्या स्फुरदाचा काही भाग सुटतो. यामुळे चुना न टाकताही भात तग धरते, पण त्याच शेतात पाणी ओसरल्यावर घेतलेले कडधान्य खुरटते. क्वचित पाझराच्या खाचरात लोह इतके विरघळते की पाण्यावर तांबूस, तेलकट दिसणारी साय धरते. काडीने ढवळताच तिचे तुकडे होतात, तेलाचे होत नाहीत. एवढी खूण शाळेतील मुलांनाही पटविता येईल. अशा खाचराचा निचरा आधी सुधारावा लागतो.

सह्याद्रीच्या या पट्ट्यात पूर्वी जंगल तोडून व जाळून कुमरीची शेती होत असे, आणि कोकणात व घाटमाथ्यावर भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची चाल होती. राखेतील चुना व पालाश यांमुळे आम्लता तेवढ्यापुरती घटते, म्हणून रोप तरारते. जुन्या लोकांचा हा अनुभव खोटा नव्हता. परंतु राबात पालापाचोळ्याचे बहुतेक नत्र व कर्ब धुराबरोबर जातो, आणि राखेचा चुना पुढील पावसाळ्यांत धुऊन निघतो. तोच पाला खाचरात गाडला तर ह्यूमस वाढतो. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा कोवळा पाला चिखलणीच्या वेळी गाडणे येथे सोयीचे आहे. तो लवकर कुजतो व नत्रही लवकर देतो. वरकस जमिनीस चुना द्यावयाचा असल्यास मात्रा प्रयोगशाळेकडून ठरवून घ्यावी. अंदाजाने टाकलेला जादा चुना सूक्ष्मद्रव्यांची टंचाई निर्माण करतो. आम्ल जमिनीत रॉक फॉस्फेट हे स्वस्त स्फुरदखत चांगले लागू पडते, काळ्या चुनखडीच्या जमिनीत ते वाया जाते.

नमुना घेताना होणाऱ्या चुकांचा या आकड्यावर फार परिणाम होतो. राब भाजलेली जागा, उकिरड्याची जागा, झाडाखालचा भाग व बांधालगतची पट्टी वगळावी. शेतात आठ-दहा ठिकाणी १५ ते २० सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे करून कडेची माती घ्यावी, ती एकत्र मिसळून अर्धा किलो ठेवावी. मुळ्या व पालापाचोळा वेचून टाकावा, अन्यथा तोही कर्ब म्हणून मोजला जातो. खाचराची ओली माती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाठवू नये. तिच्यातील फेरस लोह डायक्रोमेट खर्च करते व कर्ब खोटाच अधिक दिसतो. सावलीत पूर्ण वाळविल्यास हा दोष जातो.

दिनांक १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत बारा बाबी नोंदविण्याची तरतूद करण्यात आली. जांभ्या जमिनीच्या पत्रिकेत प्रथम सामू वाचावा, नंतर स्फुरद आणि मग कर्ब. सामू साडेपाचाखाली असेल तर 'कर्ब अधिक' या शेऱ्यावरून नत्र कमी करण्यापूर्वी कृषि अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा. स्फुरद कोणत्या पद्धतीने काढले हेही विचारून घेणे जरूर आहे. आम्ल जमिनीसाठी ब्रे यांची पद्धत योग्य होय, तर ओल्सेन यांची पद्धत प्रामुख्याने उदासीन व चुनखडीयुक्त जमिनींसाठी आहे. दोहोंचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि निपाणीच्या पत्रिकेशी जांबोटीची पत्रिका ताडून पाहताना ही नोंद प्रथम तपासावी.