मुलाचा अपराध, वडिलांचा दंड

चंदगड तालुका डोंगराळ. वाड्या एकमेकींपासून दूर, आणि एस्. टी.ची गाडी ठराविक वेळींच. त्यामुळें पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा फटफटीवर बसून शाळेस निघाला, तर घरांत कोणास गैर वाटत नाहीं. उलट, नातू हाताशीं आला म्हणून आजी कौतुक करते! एकत्र कुटुंबांत गाडीच्या कागदावर बहुधा काकांचें नांव असतें, आणि किल्ली दाराआडच्या खुंटीवर. कायद्याची नजर नेमकी या खुंटीवर आहे.

मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं घातलेल्या १९९-अ कलमान्वयें अज्ञान मुलानें वाहन चालवितांना अपराध केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड. शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. ‘आम्हांस न कळत नेली’ हें सिद्ध करण्याचा भार काकांवरच. खुंटीवरची किल्ली पाहिल्यावर न्यायाधीश तें कसें मानणार?

आमच्या धर्मशास्त्रांत ओघ उलट होता. बापाचें ऋण मुलानें फेडावें. मुलाचें ऋण मात्र, तें कुटुंबासाठीं केलेलें नसल्यास, बापानें देऊं नये, असें याज्ञवल्क्य सांगतो. नवा कायदा मुलाच्या अपराधाचें ऋण वडीलधाऱ्यांच्या माथीं मारतो, आणि किल्ली ज्यांच्या हातीं त्यांनींच तें सोसावें, हें आम्हांस रास्त वाटतें.

रास्त नाहीं तो एकच ठराविक आंकडा. १९ मे २०२४ रोजीं पुण्यास कल्याणीनगरांत भरधाव मोटारीच्या धडकेनें दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा आरोप आहे. त्यास त्याच दिवशीं जामीन मिळाला. अटींत तीनशें शब्दांचा निबंध होता! लोक खवळले, आणि पुढें वडिलांना अटक झाली. अशा श्रीमंत घरास पंचवीस हजार म्हणजे काय? काजूच्या बागेवर चालणाऱ्या चंदगडच्या घराचें मात्र तेवढ्यानें वर्षाचें गणित विसकटतें.

खरा बोजा याहून निराळा आहे. अपघातांत कोणी दगावल्यास भरपाई प्रथम विमाकंपनी देते. पण चालविणाऱ्यास परवाना नसल्यास ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालयें तिला बहुधा देतात. तेथें रक्कम लाखांत जाते.

सोळाव्या वर्षीं परवाना मिळतो तो ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या फटफटीचा. आपल्या घरची गाडी बहुधा त्याच्या दुप्पट असते. तेव्हां शाळेच्या वेळेस धरून एस्. टी.ची फेरी मिळावी, असा अर्ज गांवोगांवच्या पालकांनीं आगारांत करावा, आणि तोंवर किल्ली काकांनीं स्वतःजवळ ठेवावी.