काळ्या मातीवरचा महामार्ग

हजिऱ्याहून वऱ्हाडमार्गे ओडिशाकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, म्हणजे जुन्या ६ क्रमांकाच्या मार्गावर, अमरावती-अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये खडी व डांबराच्या गरम मिश्रणाचा ७५ किलोमीटरचा थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरला गेला आणि त्याची गिनीज विक्रम म्हणून नोंद झाली. मात्र ही लांबी एकाच मार्गिकेची असल्याने दुपदरी हिशेबाने ती साडेसदतीसच भरते. विक्रमाहून अवघड प्रश्न तळाशी आहे, कारण पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी कपाशीची काळी जमीन वरचा रस्ताही उचलते वा खचवते, म्हणून मुरुमाचा भराव आणि पाण्याचा निचरा यांना डांबराइतकेच महत्त्व असते.